टॅपेट वाजतंय म्हणून लगेच इंजिन उघडू नका: हायड्रॉलिक लिफ्टर तपासताना या चुका टाळा

गाडी चालू केली की इंजिनाच्या वरच्या बाजूनं टिक-टिक-टिक सुरू होते, आणि शेजारी उभा असलेला कोणीतरी सांगून टाकतो, "टॅपेट वाजतंय, लिफ्टर गेले." असे 'गेलेले' म्हणून काढून टाकलेले लिफ्टर मी हातात घेऊन पाहिले आहेत. त्यातले कितीतरी ठणठणीत होते. खोट तेलात होती, नाहीतर आवाज भलतीकडूनच येत होता.

लिफ्टर, म्हणजेच बोलीतला टॅपेट, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा फिरता दांडा) आणि इंजिनाचा व्हॉल्व्ह (झडप) यांच्यामध्ये काम करतो. हायड्रॉलिक लिफ्टरच्या आत एक प्लंजर (सरकता दट्ट्या), एक स्प्रिंग आणि एक बारीक चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) असतो. पंपाकडून आलेलं तेल आत शिरतं, प्लंजर वर सरकतो आणि कॅम व व्हॉल्व्ह यांच्यामधली फट भरून निघते. कॅमचा दाब आला की चेक व्हॉल्व्ह बंद होतो आणि तेल आत कोंडलं जातं. कोंडलेलं तेल दबत नाही, हवा मात्र दबते. म्हणून तेलात हवा आली, तेल उशिरा पोचलं किंवा चेक व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, की फट उरते आणि तीच वाजते.

तपासणीआधी गाडीचं मॅन्युअल उघडून बघा. बऱ्याच इंजिनांत हायड्रॉलिक लिफ्टर नसतातच. तिथे शिम (पातळ चकती) किंवा स्क्रूचे साधे टॅपेट असतात आणि ते फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सेट करावे लागतात.

थंड इंजिन चालू केल्यावर काही सेकंद आवाज आला म्हणून घाबरणं, ही नेहमीची चूक. इंजिन बंद असताना एखादा व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो. त्याची स्प्रिंग लिफ्टरमधलं तेल हळूहळू बाहेर ढकलते आणि सकाळी ते पुन्हा भरायला थोडा वेळ लागतो. हा वेळ दिवसेंदिवस वाढत असेल तर आधी ऑइल फिल्टरकडे बघा. रात्रभरात तेल मागे ओघळू नये म्हणून ज्या इंजिनांच्या फिल्टरला आत रबरी पडदा लागतो, तिथे हलक्या फिल्टरचा पडदा कडक होतो किंवा नीट बसत नाही. गाडी फक्त जवळच्या फेऱ्यांना वापरली जात असेल, तर इंजिन पूर्ण गरम करून 2500 आरपीएमच्या आसपास दोन-तीन मिनिटं चालवा आणि मग स्लोवर (अॅक्सिलरेटर न दाबता) ऐका. आवाज गेला असेल तर लिफ्टरमधली हवा निघाली. त्याला हात लावू नका.

डिपस्टिक सगळेच बघतात, पण तेल कमी आहे का एवढंच बघतात. तेल जास्त झालं तरी लिफ्टर वाजतात. पातळी फार वर गेली की क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) ते घुसळतो, फेस होतो, आणि तो फेसच लिफ्टरमध्ये जातो. "जाड तेल टाका, आवाज दबेल" हा सल्लाही ऐकू नका. 5डब्ल्यू-30 हे पातळ तेल सांगितलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 हे जाड तेल टाकलं, तर थंडीत ते लिफ्टरच्या बारीक भोकांपर्यंत पोचायलाच उशीर होतो.

आता खुद्द आवाज ओळखण्याबद्दल, कारण खरी फसगत इथेच होते. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. स्लोवर इंजिन 800 आरपीएमला असेल तर एका लिफ्टरची टिकटिक मिनिटाला 400 वेळा होते. बिग एंड बेअरिंगचा (क्रँकला कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या बेअरिंगचा) ठोका खालून येतो, जड असतो आणि इंजिनावर लोड आला की वाढतो. इंजेक्टरची (इंधन फवारणाऱ्या भागाची) बारीक टिकटिक अनेक इंजिनांत अगदी नैसर्गिक असते.

सगळ्यात जास्त फसवतो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचा) लीक. थंड असताना जोरात टिकटिक, गरम झाल्यावर धातू प्रसरण पावून फट मिटते आणि आवाज बंद. हुबेहूब लिफ्टर! अशाच एका गाडीचे सगळे लिफ्टर बदलून झाल्यावर मी टॉर्च मारून पाहिलं, तर गॅस्केटच्या कडेला बोटभर काजळीचा काळा पट्टा होता. नव्या लिफ्टरची काहीच गरज नव्हती. हे टाळायला एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर थोडा वेळ काढून ऐका. आवाज मंदावला तर तो लीक किंवा बेअरिंग असण्याची शक्यता जास्त. लिफ्टरच्या आवाजात सहसा काही फरक पडत नाही. नुसती स्पार्क प्लगची वायर काढू नका, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो खराब करतं.

ऑइलचा दिवा विझलेला आहे म्हणजे प्रेशर चांगलं आहे, असंही धरू नका. तो दिवा प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच लागतो. गेज जोडून, इंजिन गरम असताना मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. आवाजासोबत दिवाही लागला, तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा.

एवढं करूनही संशय उरला, तरच इंजिनाच्या वरचं व्हॉल्व्हचं कव्हर काढा. थेट कॅमखाली बसणारा लिफ्टर असेल तर कॅमचं नाक (उंचवटा) वर येईपर्यंत इंजिन हातानं फिरवा आणि लाकडी काठीनं लिफ्टर दाबा. चांगला लिफ्टर दगडासारखा लागतो. शेजारच्यांच्या मानानं एखादा सहज खाली जात असेल, तर तो सापडला.

काढलेले लिफ्टर पुन्हा बसवायचे असतील तर प्रत्येकाची जागा खुणेनं सांभाळा, ते आपापल्या कॅमशी घासून जुळलेले असतात. झिजलेल्या कॅमवर नवा लिफ्टर टिकत नाही. खूप गाळ साचलेल्या इंजिनात जोरदार फ्लश (आतून साफ करणारं द्रव) मारलात तर सुटलेला गाळ ऑइल चेंबरमधल्या गाळणीत अडकतो, त्यापेक्षा चांगलं तेल घालून ते लवकर-लवकर बदला. आणि नवे लिफ्टर बसवल्या बसवल्या स्टार्टर मारू नका. तेलानं भरलेला लिफ्टर उंच राहतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि काही इंजिनांत तो पिस्टनवर आदळू शकतो. अर्धा तास थांबा, मग इंजिन हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवा, कुठे अडकत नाही ना ते बघा, आणि त्यानंतरच चावी फिरवा.