सकाळी डिझेल गाडी लवकर स्टार्ट होत नाही? हीटर प्लग बदलण्याआधी या चुका टाळा

थंडीचे दिवस आले की तक्रार ठरलेली: सकाळी तीन-तीनदा सेल्फ मारावा लागतो. गॅरेजमधलं उत्तरही ठरलेलं: हीटर प्लग गेले, चारही बदला. (हीटर प्लग, म्हणजेच ग्लो प्लग, थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून सिलिंडर आतून तापवतात.) कधीकधी ते खरंच असतं. पण ठाणे-नवी मुंबईची हवा या बाबतीत दोन्हीकडून फसवते. इथल्या पहाटेच्या तापमानाला कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलना एकाच ‘रेल’ पाइपमधून जास्त प्रेशरचं डिझेल देणारं) बहुतेक वेळा प्लगच्या मदतीशिवायही सुरू होतं. त्यामुळे दोन प्लग गेलेले असूनही वर्षभर पत्ता लागत नाही आणि डिसेंबरात निफाडला मुक्काम पडला की पहाटे गाडी जागची हलत नाही. उलट, घोडबंदरला सोसायटीच्या पार्किंगमध्येच गाडी त्रास देत असेल, तर संशय आधी बॅटरीवर आणि डिझेल लाइनवर घ्यायला हवा. जुन्या १४०५ सीसी इंडिकासारखी प्री-चेंबरवाली (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारी) इंजिनं याला अपवाद. त्या चेंबरच्या भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात, म्हणून तिथे प्लग आपल्याकडच्या हवेतही लागतात.

धूर न बघताच निदान करणं

सेल्फ मारताना कोणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. पांढरट धूर आणि डोळ्यांना झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास आला, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. मग प्लग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का) तपासा. सुरू झाल्यावर इंजिन मिनिटभर थरथरलं आणि नंतर शांत झालं, तर एक-दोन प्लग गेल्याची शक्यता मोठी.

धूर अजिबात नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा आणि मग सेल्फ मारा. गाडी लगेच उठली तर रात्रभरात लाइनमध्ये हवा शिरतेय: फिल्टरचं सील, क्लिप किंवा पाइप बघा. आणि दुपारी गरम इंजिनही लांब सेल्फ घेत असेल, तर प्लगचा विषय तिथेच संपला. तिथे डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक नोझलची रिटर्न लाइन (जास्तीचं डिझेल परत नेणारा पाइप) वेगळ्या बाटलीत सोडून मोजा. एखादी बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरली तर त्या नोझलमधून प्रेशर निसटतंय.

बॅटरी ठीक आहे असं गृहीत धरणं

हॉर्न वाजतो, लाइट लागतात, एवढ्यावर बॅटरी पास करू नका. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत आणि सेल्फ फिरताना ते ९.६ च्या खाली जाता कामा नयेत. सेल्फ मंद फिरला तर दाबलेली हवा पुरेशी तापत नाही आणि रेलमध्ये प्रेशरही बनत नाही. लक्षणं हुबेहूब प्लग गेल्यासारखी दिसतात. वाशी-ऐरोलीकडे खाडीच्या खाऱ्या हवेने अर्थ पट्टीला (बॅटरीचं मायनस बॉडी-इंजिनला जोडणाऱ्या पट्टीला) गंज धरतो. सेल्फ फिरत असताना बॅटरीचं मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर पट्टी काढून घासा किंवा बदला.

प्लग तपासण्याची पद्धतच चुकणं

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. अनेक इंजिनांत चारही प्लग एकाच धातूच्या पट्टीने जोडलेले असतात. पट्टी न काढता ओहम मोजले, तर एक चांगला प्लग बाकी तिघांना झाकतो. पट्टी किंवा वायर काढा, मीटरच्या दोन्ही टोकांचा आपसातला आकडा आधी बघा आणि तो वजा करा. थंड प्लगला साधारण अर्धा ते दोन ओहम यायला हवेत. काहीच आलं नाही तर आतली कॉइल तुटलेली. चारांतला एकच आकडा वेगळा असेल, तर तोही संशयित.

प्लग थेट बॅटरीला लावून लाल होतो का बघायची जुनी सवय आता सोडा. नव्या गाड्यांत ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे प्लगही असतात, आणि ते बारा व्होल्टवर तिथल्या तिथे जळतात. प्लगवर छापलेला व्होल्टेज वाचा.

गरम इंजिनवर प्लगला व्होल्ट येत नाहीत म्हणून रिले बदलणं ही दुसरी महागडी चूक. कूलंटचं तापमान पुरेसं असेल, तर ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) प्लगला करंट सोडतच नाही. ही तपासणी पहाटे, रात्रभर थंड झालेल्या इंजिनवरच करा. तरीही व्होल्ट नसतील तर मोठा फ्यूज, मग रिले, मग कूलंट सेन्सर. हा सेन्सर थंड इंजिन गरम सांगत असेल तर प्लग कधी पेटणारच नाहीत. करंट मोजायला डीसी क्लॅम्प मीटर लागतो. घरच्या वायरिंगवाल्याकडचा एसीचा क्लॅम्प इथे उपयोगाचा नाही. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०६७१ ते पी०६७४ म्हणजे अनुक्रमे एक ते चार सिलिंडरच्या प्लगचं सर्किट. पण कोड सर्किटचा असतो, त्यामुळे वायर आणि कनेक्टर आधी बघा. फोक्सवॅगन-स्कोडात चालत्या गाडीत डॅशबोर्डवरचा कॉइलचा (हीटर प्लगचा) दिवा लुकलुकला, तर तो इंजिनच्या दुसऱ्या बिघाडाचा इशारा असतो.

थंड इंजिनवर जोर लावून प्लग काढणं

प्लग हेडमध्ये तुटला की हजार-पाचशेचं काम थेट हेड उतरवण्यावर जाऊ शकतं. एम८ (८ मिमी) आट्यांचा प्लग साधारण २० न्यूटन-मीटर पिळाला, एम१० चा ३५ च्या आसपास तुटतो. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा, खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, इंजिन गरम करा आणि डीप सॉकेटने आधी थोडं सैल, पुन्हा थोडं घट्ट, असं करत काढा. अडला तर थांबा, पुन्हा तेल सोडा. नवा बसवण्याआधी भोकातला कार्बन रीमरने (भोक आतून खरवडणाऱ्या हत्याराने) साफ करा. एम८ ला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात.

सुरू न होणाऱ्या इंजिनला स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच भडकू शकतो.

काढलेले प्लग फेकण्याआधी टोकं निरखून बघा. टोक वितळलं असेल तर त्या सिलिंडरचा नोझल गळतोय किंवा फवारा बिघडलाय. टोक फुगलं असेल तर व्होल्टेज जास्त गेलंय: रिले चिकटला असेल किंवा चुकीचा प्लग बसवला असेल. ते कारण शोधल्याशिवाय नवा सेट लावलात, तर नवे प्लगही असेच जळतील.