आई-वडिलांना अमेरिकेला पाठवताना प्रवास विमा कसा घ्यावा

युरोपातल्या शेंगेन गटातील देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या) व्हिसासाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा सक्तीचा आहे, त्यामुळे युरोपला जाणारा माणूस तो घेतोच. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी अट नाही, आणि म्हणूनच मुलाकडे सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना ‘लागत नाही तर कशाला घेता’ असे सांगणारे लोक भेटतात. हा सल्ला धोकादायक आहे. ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर ही सरकारी योजना पाहुण्यांना मिळत नाही, आणि मुलाच्या नोकरीतल्या आरोग्य विम्यात आई-वडील सहसा घेता येत नाहीत. 1986 च्या कायद्यामुळे तेथील जवळजवळ सर्व रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांना पैशांचा विचार न करता रुग्णाची प्रकृती स्थिर करावी लागते हे खरे आहे, परंतु बिल मागाहून येतेच.

प्रवासाला निघण्यापूर्वी पॉलिसी भारतातच घ्या आणि तिची मुदत परतीच्या तारखेपुढे आठवडाभर ठेवा. विमा रकमेच्या मोठ्या आकड्यावर थांबू नका. साठीनंतरच्या प्रवाशांसाठी अनेक पॉलिसींमध्ये खोलीभाडे, शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग यांवर स्वतंत्र उपमर्यादा, म्हणजे त्या-त्या खर्चासाठी वेगळी कमाल रक्कम, असतात. अशा उपमर्यादा असलेली एक लाख डॉलरची पॉलिसी मी घेणार नाही, त्यापेक्षा उपमर्यादा नसलेली पन्नास हजारांची घेईन.

आता अर्जातला पूर्वीच्या आजारांचा रकाना. ‘तिथे काही लिहू नका, प्रीमियम वाढतो’ असे सांगणाऱ्याकडून पॉलिसी घेऊच नका. सासूबाई न्यू जर्सीला निघाल्या तेव्हा अर्ज एजंटाने भरला आणि मी तो न वाचताच त्यांची सही घेतली. त्या नऊ वर्षे रक्तदाबाची गोळी घेत होत्या, पण रकान्यात ‘नाही’ असे लिहिलेले होते. तिथे पित्ताशयातल्या खड्यांमुळे त्यांना भरती करावे लागले. डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांनी गोळीचे नाव आणि किती वर्षे घेतात तेही सांगितले. ते रुग्णालयाच्या नोंदीत उतरले आणि तीच नोंद विमा कंपनीपुढे गेली. पित्ताशयाचा रक्तदाबाशी संबंध नसतानाही माहिती दडवली म्हणून क्लेम नाकारला गेला, आणि ते बिल फेडायला आम्हाला दीड वर्ष लागले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून रुग्णाने काही लपवू नये, आणि त्यांना सांगितलेली गोष्ट कंपनीपर्यंत पोहोचतेच. म्हणून अर्ज आणि रुग्णालयाची नोंद यांत तफावत राहता कामा नये.

हा रकाना स्वतः भरा. ‘तुम्हाला काय आजार आहेत’ असे विचारून उपयोग होत नाही, कारण आपल्याकडची वडीलधारी माणसे रोजच्या गोळीला आजार समजत नाहीत. त्याऐवजी गोळ्यांचा डबा समोर घ्या आणि प्रत्येक गोळी कशासाठी, कधीपासून, हे लिहून काढा; थायरॉईडची, कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ ठेवणारी, एकही सोडू नका. नंतर जुन्या फाइलमधली डिस्चार्ज कार्डे काढून शस्त्रक्रियांची वर्षे लिहा. डॉक्टरांनी सांगितलेली पण पुढे ढकललेली अँजिओग्राफीसारखी तपासणीही दडवू नका. अर्ज ऑनलाइन असेल तर भरलेल्या उत्तरांची प्रत जपून ठेवा.

इथे आणखी एक गैरसमज होतो: आजार जाहीर केला म्हणजे त्याचा खर्च मिळतो असे नव्हे. जाहीर केल्यामुळे माहिती लपवल्याचे कारण कंपनीला उरत नाही, एवढेच. त्या आजाराचा खर्च अनेक पॉलिसींमध्ये मुळीच मिळत नाही, आणि काहींमध्ये तो फक्त जिवावर बेतले असेल तरच, रुग्ण स्थिर होईपर्यंत मिळतो. अमेरिकी कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या योजनांतही जुना आजार अचानक उफाळला तर मिळणाऱ्या संरक्षणाला बहुधा वयाची मर्यादा असते. हे कलम पॉलिसीच्या मूळ मजकुरात शोधून वाचा, माहितीपत्रकावर विसंबू नका, आणि मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर प्रीमियमपेक्षा या कलमाकडे पाहून पॉलिसी निवडा.

विमा कंपनीच्या मदत केंद्राचा क्रमांक मुलाच्या आणि सुनेच्या फोनमध्ये, तसेच आई-वडिलांच्या पाकिटात कागदावर असू द्या. गंभीर प्रसंगी आधी 911 हा तिथला आपत्कालीन क्रमांक लावा आणि नंतर विमा कंपनीला लगेच कळवा, कारण कंपनीने रुग्णालयाचे बिल थेट भरण्याची सोय त्या फोनवरूनच सुरू होते. मुक्काम वाढला तर मुदत संपण्याआधी वाढीव काळासाठी अर्ज करा. मधल्या काळात काही उपचार झाले असतील तर तेही त्यात लिहा.