बुलेटचा क्लच घसरतोय? प्लेटा विकत घेण्याआधी हे बघा

मामाची १९७४ची बुलेट ३५० उभी करायला मला दोन पावसाळे लागले. रंग, क्रोम, वायरिंग, नवा पिस्टन, सगळं झालं. पहिल्या लांबच्या फेरीला कोकणात उतरलो आणि परतताना करूळ घाटात, वैभववाडीकडून वर चढताना, तिसऱ्या गिअरला इंजिनाचा आवाज एकदम चढला. गाडी मात्र ओढेना. अ‍ॅक्सिलरेटर जितका पिळावा तितका नुसता आवाज. बायको उतरून दोन वळणं चालली. गगनबावड्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्यात, थांबत थांबत आलो.

कोल्हापुरात आल्यावर ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, क्लचच्या प्लेटा गेल्या, नवा सेट टाक. मी उद्यमनगरात टूलरूममध्ये फिटर आहे. मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही ही आमच्याकडची शिस्त, ती घरच्या गाडीलाही लावली. प्लेटा चांगल्या निघाल्या. म्हणून हे सविस्तर लिहितोय. नव्याने उभ्या केलेल्या गाडीत क्लच घसरतो तेव्हा बऱ्याचदा दोष आपण जोडणी करताना घातलेला असतो, झिजेचा नसतो.

हे सगळं ओतीव लोखंडी इंजिन आणि चार गिअरचा वेगळा बॉक्स असलेल्या जुन्या बुलेटबद्दल आहे, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असलेल्या.

आधी क्लचच घसरतोय ना, ते पक्कं करा. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला ताशी ४०च्या आसपास चालवा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम उघडा. आवाज आधी चढला आणि गाडी मागाहून आली तर क्लच घसरतोय. दुसरी खूण किकची. बुलेटची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते. कॉम्प्रेशनवर, म्हणजे किक जड लागते त्या जागी, आणून किकवर वजन टाकलं आणि ती लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली, तर क्लच धरत नाहीये. मात्र किक खाली जाताना ‘कट’ असा आवाज होऊन दात सुटल्यासारखं वाटलं तर दुखणं किकच्या खटक्यात आहे. त्यासाठी क्लच उघडू नका.

आता पहिलं काम, आणि याला एक रुपयाही लागत नाही: लिव्हरचा प्ले, म्हणजे तिची मोकळी हालचाल. क्लच लिव्हर बोटाने हलकेच ओढा. केबल ताणली जाण्याआधी लिव्हर आणि तिच्या ब्रॅकेटमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट उघडली पाहिजे. उघडत नसेल तर केबल क्लचला कायम थोडी दाबून ठेवतेय, म्हणजे तुम्ही अर्धा क्लच धरूनच गाडी चालवताय.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. ब्रेकचे लायनर झिजले की लिव्हर ढिली होते. क्लचचं उलटं आहे. प्लेटा झिजल्या की त्यांची थप्पी बारीक होते, ती दाबून धरणारी प्रेशर प्लेट आत सरकते आणि मेनशाफ्टच्या (गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्याच्या) पोटातून जाणारा रॉड उजवीकडे गिअरबॉक्सच्या बाजूला ढकलला जातो. त्यामुळे प्ले कमी कमी होत जातो. लिव्हर ‘छान टाइट’ लागतेय म्हणून खूश होऊ नका. माझ्या गाडीत रुंद हँडल बसवल्यावर तीच जुन्या मापाची केबल ओढून लावली होती, प्ले जेमतेम अर्धा मिलिमीटर होता. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवूनही प्ले तपासा. एका टोकाला तो संपत असेल तर केबलची वाट चुकलीय.

प्ले फक्त केबलच्या अ‍ॅडजस्टरने काढू नका. आधी केबल पूर्ण ढिली करा. मग गिअरबॉक्सच्या उजव्या झाकणावरची छोटी पट्टी काढा. आत लॉकनट आणि स्क्रू दिसेल. नट सैल करून स्क्रू हलक्या हाताने आत न्या. रॉडला टेकला की बोटांना लगेच कळतं. तिथून अर्धा फेरा मागे घ्या. पेचकस तसाच धरून नट आवळा, नाहीतर नटाबरोबर स्क्रूही फिरतो. शेवटी केबल जुळवा. एवढ्यानेच कितीतरी गाड्या सुधारतात. माझी अर्धी सुधारली. सपाटीला धरायला लागली, चढाला पुन्हा तेच.

दुसरं, ऑइल. बुलेटच्या प्रायमरी केसचं, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या डावीकडच्या बंद घराचं, ऑइल इंजिनाच्या ऑइलपासून वेगळं असतं आणि क्लच त्यातच बुडालेला असतो. तिथे कारसाठीचं इंजिन ऑइल घालू नका. मायलेज वाढावं म्हणून त्यातल्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि क्लच तर घर्षणावरच चालतो. डब्यावर ‘जॅसो एमए’ किंवा ‘एमए२’ (JASO MA, MA2 हे जपानी दर्जाचे शिक्के) लिहिलेलं बघून घ्या. ‘एमबी’ असेल तर परत ठेवा, ते कोरड्या क्लचच्या स्कूटरांसाठी असतं.

एवढं करूनही घसरत असेल तर उघडा. गाडी डबल स्टँडवर, खाली पसरट ट्रे. डावं फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढलं की प्रायमरीचं झाकण मधल्या एकाच मोठ्या नटावर असतं. नट सुटला की अर्धा लिटरच्या आतबाहेर ऑइल एकदम खाली येतं, त्यामुळे ट्रे आधी ठेवा. क्लचच्या स्प्रिंगांवरच्या कॅपचे बोल्ट एकेक करून पूर्ण सोडू नका. आळीपाळीने दोन-दोन फेरे सोडा, नाहीतर कॅप तिरकी होऊन शेवटचा बोल्ट आट्यात अडकतो.

प्लेटा बाहेर येतील तशा एका तांब्याच्या तारेत ओवत जा. क्रम आणि बाजू दोन्ही राहतात. फोटो काढाच, पण तार चुकत नाही.

माझ्याकडे तिसरी प्लेट हातात आली तेव्हाच कारण दिसलं. बाहेरच्या कडेला ऑइलचा स्वच्छ पातळ थर होता. आतल्या कडेला मात्र करडं, चिकट ग्रीस, आणि तिथून बाहेरच्या दिशेने किरणांसारख्या रेघा ओढल्या गेलेल्या. क्लच फिरताना ग्रीस मध्यातून बाहेर फेकलं जात होतं. क्लचमध्ये मी ग्रीस कुठेच लावलं नव्हतं. ते येत होतं गिअरबॉक्समधून. मेनशाफ्ट पोकळ आहे, रॉड त्यातून डावीकडे येतो आणि त्याच्या कडेने ग्रीसही येतं. बॉक्स जोडताना मी तो भरपूर ग्रीसने अगदी तोंडापर्यंत भरला होता. घाटात बॉक्स तापला, ग्रीस पातळ झालं आणि त्याने सरळ प्लेटांची वाट धरली. बॉक्समधलं जादा ग्रीस काढलं, पातळी बेताची ठेवली, रॉड ओढून पुसला आणि परत घालताना त्याला बोटाने फक्त ओल लावली.

प्लेटा आधी रॉकेलने धुवा, पण तिथेच थांबू नका. रॉकेल तेलकट थर मागे ठेवतं. शेवटचा हात पेट्रोलचा, तोही उघड्या अंगणात, जवळ विडी-काडी नको. मग लोखंडी प्लेट जाड काचेवर ठेवून चारी बाजूंनी फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) सरकवून बघा. ०.२ मिलिमीटरची पट्टी आत गेली तर मी प्लेट बाद करतो. निळे डाग म्हणजे ती जळालीय, मापात असली तरी तिच्यावर भरवसा नाही. लायनिंगच्या (घर्षणाचा थर असलेल्या) प्लेटा आरशासारख्या चमकत असतील तर काचेवर पॉलिश पेपर पसरून इंग्रजी आठचा आकडा काढत हलकेच घासा, चमक जाईपर्यंतच. लायनिंग धातूच्या पातळीला आलं असेल, कडेने तुटत असेल, तर मात्र नवा सेट. नव्या प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

स्प्रिंगा काचेवर शेजारी-शेजारी उभ्या करा. डोळ्यालाच कळतं. माझ्यातली एक बाकीच्यांपेक्षा जवळजवळ अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बुटकी होती. एक बदलू नका, पूर्ण सेट बदला. जुन्या-नव्या मिसळल्या की प्रेशर प्लेट तिरकी उचलते.

जोडताना बोल्ट शेवटपर्यंत बसवा. माझ्या गाडीत स्प्रिंगांच्या आत नळ्या आहेत, दाब त्याच ठरवतात, बोल्ट मध्येच सोडून दाब जुळवायचा नसतो. झाकण लावण्याआधी कोणाला तरी लिव्हर दाबून धरायला सांगा आणि किक हाताने हळू दाबत प्रेशर प्लेटकडे बघा. ती डुलली तर स्प्रिंगांच्या जागा बदलून बघा. उघडलंच आहे तर प्रायमरी चेनही बघून घ्या. फिरवत फिरवत जिथे ती सगळ्यात ताठ लागते तिथे दोन सूत हलली पाहिजे. रबरी सीलची खाच चिंधीने कोरडी करा. मधला नट जोर लावून आवळू नका, झाकण वाकतं आणि गळती तिथूनच सुरू होते. ऑइल भरायचं ते लेव्हलच्या स्क्रूपर्यंतच.

चाचणीला मी पन्हाळ्याला गेलो, मागे बायको. वाघबीळच्या पुढचा चढ तिसऱ्यात घेतला, गाडी एकदाही आवाजावर गेली नाही. २०० किलोमीटरनंतर प्ले पुन्हा मोजला तेव्हा तो तीनवरून दोन मिलिमीटरवर आला होता, प्लेटा बसल्यामुळे. स्क्रू पाव फेरा मागे घेतला. तुम्हीही २०० किलोमीटरला ती छोटी पट्टी एकदा उघडा.