जुन्या फेंडर बासचे मूळ सुटे भाग आणि प्रतिकृती : या चुका टाळा

१९६२च्या फेंडर जॅझ बास गिटारमधला खरखरणारा पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) काढून नवा बसवला, तर ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. बास विकायला काढला की मात्र जाणकार गिऱ्हाईक आधी कंट्रोल प्लेट (नॉब बसवलेली धातूची पट्टी) उघडून तिथलं सोल्डरच बघतं. मूळ भागाला भाव मिळतो, कारण तो कारखान्यातून जसा बसून आला तसाच आहे. आवाजात चांगली प्रतिकृती त्याच्या तोडीस तोड असू शकते आणि रोजच्या वाजवण्याला ती वापरण्यात काहीच वावगं नाही. नुकसान होतं ते प्रतिकृती मूळ समजून विकत घेतली की, नाहीतर मूळ भाग भंगार समजून टाकून दिला की.

इथली उदाहरणं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या फेंडर कारखान्याची आहेत. प्रिसिजन बास १९५१ साली आला, जॅझ बास १९६० साली. जानेवारी १९६५मध्ये अमेरिकी प्रसारण कंपनी सीबीएसने ही कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. त्याआधीच्या भागांना सर्वांत जास्त भाव आहे, म्हणून नकलाही त्यांच्याच जास्त निघतात.

नंबरावरून साल ठरवणं

जुन्या फेंडरचा अनुक्रमांक नेक (तारा दाबायचा लांब दांडा) जिथे बॉडीला जोडतात तिथल्या मागच्या धातूच्या पट्टीवर असतो. ती पट्टी चार स्क्रूंवर बसते आणि पाच मिनिटांत दुसऱ्या बासवर जाते. नंबर खरा निघाला तरी खरी ठरते ती पट्टी. बास खरा की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

नेकच्या, बॉडीच्या खाचेत बसणाऱ्या टोकावरची तारीख जास्त भरवशाची. १९६२च्या सुरुवातीपर्यंत ती पेन्सिलने लिहीत, पुढे रबरी शिक्का आला. या शिक्क्यातला पहिला आकडा पुष्कळ जण दिवस म्हणून वाचतात. तो मॉडेलचा क्रमांक असतो: ५ म्हणजे प्रिसिजन, ७ म्हणजे जॅझ. शेवटचं अक्षर नटजवळची (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळची) रुंदी सांगतं. ए म्हणजे दीड इंच, सी म्हणजे पावणेदोन इंच. नेक सोडवण्याआधी तारा पूर्ण सैल करा आणि स्क्रू निघाल्यावर नेक सरळ वर उचला. खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर कडेचा रंग उडतो आणि तेवढ्यानेही किंमत उतरते.

पॉटच्या पाठीवर किंवा कडेवर उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. ३०४६१३४ असं दिसलं तर स्टॅकपोल, १९६१, ३४वा आठवडा. पॉट नेकपेक्षा जुना असणं रास्तच आहे. तो नेकपेक्षा बराच नवा असेल तर तो किंवा नेक नंतर बदललेला आहे. १९६६ साली पॉटचा मोठा साठा घेतला गेला आणि पुढची दोन-तीन वर्षं तो वापरात राहिला. त्यामुळे १९६८च्या बासमध्ये १९६६चे पॉट दिसले तर दचकू नका.

फेंडरने १९८२पासून ५७ आणि ६२ सालच्या नमुन्यांच्या अधिकृत पुनरावृत्त्या काढल्या. त्यांचे भाग दिसायला फार जवळचे आहेत आणि आता तेही चाळीस वर्षं जुने झाले आहेत. एकटी कंट्रोल प्लेट विकत घेताना पॉटवरचं साल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

खरखर झाली म्हणून पॉट बदलणं

बहुतेक वेळा आत धूळ आणि ऑक्साइड साचलेलं असतं. पॉटच्या पायांजवळच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा आणि दांडा दोन्ही टोकांपर्यंत ३०-४० वेळा फिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करा. तरीही एकाच जागी आवाज तुटत असेल तर आतला कार्बनचा पट्टा झिजला आहे, आणि तो क्लीनरने भरून येत नाही.

तेव्हा एक पॉट न काढता पूर्ण जोडणी उचला. तीन नॉबच्या जॅझ बासमध्ये पॉट, कपॅसिटर आणि जॅक (केबल लावायची जागा) सगळं कंट्रोल प्लेटवरच असतं. पिकअपच्या (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबक-कॉइलच्या) चार वायरी आणि ब्रिजची (तारा बॉडीवर टेकवणाऱ्या भागाची) अर्थची वायर एवढंच सोडवून प्लेट तशीच बाहेर येते. तिच्या जागी २५० किलोओहमचे तीन पॉट आणि ०.०५ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलेली नवी प्लेट बसवा. प्लेटवरचं मूळ सोल्डर शाबूत राहतं आणि विकताना सगळं परत जागेवर जातं. पॉटच्या पाठीवर सोल्डर करायला ४० ते ६० वॉटची सोल्डरिंगची इस्त्री घ्या आणि तीन-चार सेकंदांत काम उरका. कमी वॉटची इस्त्री जास्त वेळ टेकवावी लागते आणि पॉट आतून भाजतो.

पिकअप मेला असं लगेच ठरवणं

आवाज बारीक झाला तर आधी पिकअपची उंची बघा. पिकअपखालचा फोम साठ वर्षांत चुरा होतो, स्क्रू सैल केला तरी पिकअप वर येत नाही आणि दोष पिकअपवर जातो. नव्या फोमचा तुकडा घातला की काम होतं.

रोध मोजायला मीटर लावताना आणखी गफलत होते. साठच्या दशकातल्या जॅझचा एक पिकअप साधारण ७ ते ८ किलोओहम दाखवतो. पण दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून जॅकवर मोजलं तर आकडा जवळपास निम्मा येतो, कारण दोन्ही समांतर जोडलेले आहेत. तापमानही धरा: तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. २० अंशांना १०.५ दाखवणारा प्रिसिजनचा पिकअप ३२ अंशांच्या मुंबईत ११च्या आसपास दाखवेल. परदेशी विक्रेत्याने लिहिलेला आकडा जुळला नाही म्हणून लगेच फसवणुकीचा संशय घेऊ नका.

मीटरने काहीच दाखवलं नाही तर तार तुटली आहे. ती बहुधा कॉइल जिथे बाहेरच्या वायरीला जोडली जाते तिथेच तुटते. भिंगातून बघा, टोक सापडलं तर जोडता येतं. नव्याने तार गुंडाळलेल्या पिकअपची किंमत मूळच्या बरोबरीने येत नाही, म्हणून तो शेवटचा उपाय. आणि उंची जुळवण्यासाठी चुंबकाचा एखादा खांब बोटाने कधीही दाबू नका. या पिकअपमध्ये तार थेट चुंबकांभोवती गुंडाळलेली असते. खांब सरकला की आतली तार तुटते.

सेल्युलॉइडचा पिकगार्ड हवाबंद पिशवीत ठेवणं

आपल्याकडच्या हवेत ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. पिकगार्ड म्हणजे तारांखाली बॉडीवर बसवलेली संरक्षक पट्टी. साधारण १९५९ ते १९६४-६५च्या दरम्यानचा कासवपाठी गार्ड आणि हिरवट पांढरा गार्ड, दोन्ही सेल्युलोज नायट्रेटचे, म्हणजे सेल्युलॉइडचे. हा पदार्थ काळाबरोबर आक्रसतो आणि आम्लधर्मी वाफ सोडतो. उष्णता आणि दमटपणा असला की हे वेगाने होतं. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळ्यात बंद केसमध्ये ठेवलेल्या बासचे स्क्रू, पिकअपचे खांब आणि पॉट गंजू लागले, तर हवेबरोबर गार्डचाही संशय घ्या.

आक्रसलेला गार्ड स्क्रूंवर ताण देतो आणि भोकापासून कडेपर्यंत तडा जातो. अशा वेळी लाकडात नवी भोकं पाडू नका, स्क्रूही आवळू नका. गार्ड काढा, साध्या कागदात सैल गुंडाळा, सपाट ठेवा आणि हवा खेळू द्या. विस्तव, सोल्डरिंगची इस्त्री आणि ऊन यांपासून दूर ठेवा, कारण तो झटकन पेट घेतो. खरा की खोटा हे बघायला काडी लावण्याची पद्धत काही जण सांगतात. ती अजिबात वापरू नका. मागची कड बोटाने जोरात घासली तर कापरासारखा वास येतो, तेवढी परीक्षा पुरे. बहुतेक स्वस्त प्रतिकृतींत कासवपाठी नक्षी छापलेली असते आणि सपाट दिसते. मूळ गार्डमध्ये रंग खोलवर गेलेला दिसतो.

प्रतिकृती मागवताना भोकं मोजा. प्रिसिजनच्या १९५७-५९च्या अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमच्या गार्डला दहा स्क्रू, साठच्या दशकातल्याला तेरा. रोज वाजणाऱ्या बासवर प्रतिकृतीच ठेवा, असं आमचं ठाम मत आहे.

खुंट्या आणि ब्रिज बदलण्यासाठी लाकूड पोखरणं

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या क्लुसन कंपनीच्या खुंट्या उलट्या फिरतात. सवय नसल्याने हा बिघाड वाटतो, तो नाही. जड झाल्या तर दात जुन्या टूथब्रशने साफ करून हलक्या तेलाचा एकच थेंब द्या. स्क्रू पकड सोडत असेल तर भोकात लाकडी टूथपिक आणि लाकडाचा गोंद भरा, वाळू द्या, मग मूळ स्क्रू परत बसवा. नवी खुंटी मावत नाही म्हणून भोक मोठं केलं की मूळ भाग परत आणूनही उपयोग नाही. लाकडाला झालेली इजा परत फिरत नाही.

ब्रिज आणि पिकअपवरची क्रोमची झाकणं लोकांनी सर्रास काढून टाकली, म्हणून आज ती सुटीसुद्धा महाग आहेत. प्रिसिजनच्या ब्रिजच्या झाकणाखाली तारांवर टेकणारा मऊ पदार्थ असतो. बासवादक जेम्स जेमर्सन यांचा मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमधला बोथट, गोल आवाज या दाबाशी आणि सपाट गुंडाळीच्या तारांशी जोडलेला आहे. तो आवाज हवा असेल तर हजारो मैलांवरून मूळ झाकण मागवू नका. प्रतिकृती झाकण आणि फोमची पट्टी पुरते.

१९६०-६१च्या जॅझला एकावर एक बसणारे दुहेरी नॉब होते. हा नॉबसंच बघून भाव ठरवत असाल तर ब्रिज आणि मागच्या पिकअपच्या मधली जागा तपासा: त्या वर्षांच्या बासला प्रत्येक तारेखाली स्प्रिंगचं वेगळं म्यूट (तारेचा आवाज दाबणारा भाग) असे, आणि ते काढलं तरी स्क्रूची भोकं उरतात. भोकंच नसतील तर नॉब दुसऱ्या बासचे किंवा नवे असण्याची शक्यता मोठी.

परदेशातून सुटा नेक मागवताना लाकूड न विचारणं

साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या नेकचा फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं टेकवायची पट्टी) बहुधा ब्राझिलियन रोझवूडचा असतो. हे लाकूड १९९२पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट १मध्ये आहे. बाकीच्या बहुतेक रोझवूडच्या तयार वाद्यांना आणि सुट्या भागांना २०१९च्या अखेरीस सूट मिळाली, पण ब्राझिलियनला नाही. परवान्याचे कागद नसतील तर असा नेक सीमाशुल्क विभागात अडकतो. विक्रेत्याकडून फिंगरबोर्डचं लाकूड आणि परवाना पैसे भरण्याआधी लेखी मागून घ्या.