एका खोलीपुरता हीटर लावताना

मुंबईत थंडी नसतेच असे म्हणतात. पण जानेवारीत बोरिवली-मुलुंडच्या डोंगराकडच्या बाजूला पहाटेचा गारवा वयस्कर पाहुण्यांना आणि बाळंतिणीला खरोखर सोसत नाही. त्यांच्या खोलीसाठी हीटर आणण्याआधी भिंतीवरचे सॉकेट पाहावे. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो, म्हणून तो ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला कधीही जोडू नये. जाड पिनांचे १६ अँपिअरचे सॉकेटच हवे, आणि दहा मिनिटांनी बटण बंद करून हात लावल्यावर प्लग तापलेला वाटला, तर इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय हीटर पुन्हा सुरू करू नये.

पडदे, कपडे आणि मच्छरदाणी ३ फूट तरी दूर असावी. झोपेत पायाने बाहेर ढकलले गेलेले मच्छरदाणीचे टोक कोणाच्या लक्षात येत नाही.

बाळंतिणीच्या शेकासाठी कोळशाची शेगडी पेटवण्याची रीत अजून काही घरांत आहे, पण बंद खोलीत ती जीवघेणी ठरते, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. त्यापेक्षा निजण्यापूर्वी अर्धा तास खोली तापवून हीटर बंद करावा. पुढची रात्र गोधडीत सहज निभते.