पाणी यायच्या आदल्या दिवशी निघा

कंटेनर सर्वेक्षणाला, म्हणजे डेंग्यूच्या डासाच्या अळ्या शोधायला घरोघरची पाण्याची भांडी तपासत, निघायचं तर पिशवी भरण्याआधी त्या पेठेचा पाण्याचा वार विचारून घ्या. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून घरोघरी बॅरल, रांजण, हौद. पाणी यायच्या आदल्या दिवशी गेलं की भांडी तळाला गेलेली असतात, अळ्या दिसतात आणि ‘ओतून टाका’ म्हटल्यावर कुणी भांडत नाही. पाणी आल्या दिवशी तेच सांगून बघा! पूर्व भागात तेलुगू बोलणारी वस्ती, तिथं जोडीला तेलुगू येणारी आशाताई हवीच. मोरीपर्यंत वाट तिच्यामुळेच मिळते.

पिशवीत टॉर्च, लांब दांड्याची पळी, पांढरी वाटी, ड्रॉपर, झाकणाच्या बाटल्या, खडू आणि वापराच्या पाण्यासाठी टेमिफॉस हे अळीनाशक. लेबलं शिसपेन्सिलीनंच लिहा. मी एकदा जेल पेननं लिहिली. बर्फाच्या डब्यात शाई ओघळली आणि कुठली बाटली कुठल्या घरची, काही कळेना. अख्खी गल्ली पुन्हा पालथी घातली.

हौदावर टॉर्च पडली की एडिसच्या, म्हणजे डेंग्यूच्या डासाच्या, अळ्या वळवळत तळाशी पळतात. लगेच ‘निरंक’ लिहू नका. दोन-तीन मिनिटं थांबा, श्वासाला वर आल्या की पळी घाला. पाण्याखाली तिरक्या लटकतात त्या एडिस किंवा क्युलेक्स, पृष्ठभागाला समांतर आडव्या पडतात त्या अ‍ॅनाफिलीस, म्हणजे हिवतापाच्या डासाच्या. नक्की जात कीटक समाहारक, म्हणजे डास गोळा करून ओळखणारे आरोग्य कर्मचारी, ठरवतील.

पूर्ण वाढलेले डास खुंटीवरच्या कपड्यांमागे, खाटेखाली शोषनळीनं धरा. विषाणू तपासणीला पाठवायचे तर थंडच ठेवायचे, वाळलेला डास फुकट जातो.

फॉर्मवर घरं आणि भांडी वेगळी मोजा. 100 घरांपैकी 8 घरांत अळ्या म्हणजे घर निर्देशांक 8, पण त्या घरांत दूषित, म्हणजे अळ्या असलेली, भांडी 14 निघाली तर ब्रेटो निर्देशांक (दर 100 घरांमागे अशी भांडी) 14. कुलूपबंद घरं या शंभरात धरू नका. त्यांची यादी वेगळी करून संध्याकाळी परत जा.

तापाचा रुग्ण भेटला तर ताप आल्याची तारीख आधी लिहा. डेंग्यूसाठी रक्ताची पहिल्या 5 दिवसांत एनएस1 चाचणी (विषाणूचं प्रथिन शोधणारी), त्यानंतर आयजीएम (शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). तारखेशिवाय नमुना गेला तर कुठली चाचणी लावायची हे लॅबनं कसं ठरवायचं?

आणि भांडी घासायला काथ्या विसरू नका. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. रांजण नुसता उपडा करून भागत नाही, आतून घासूनच घ्या.