गाडीच्या दारांच्या फटी, बंपरची कड आणि रंगावरचे चरे: घरी करता येण्याजोगी दुरुस्ती

बॉनेटची एक बाजू किंचित वर राहते, दार लावताना कुठेतरी घासते, बंपरची कड मडगार्डपासून सुटून बाहेर डोकावते. असे दोष दिसायला किरकोळ असतात आणि त्यांतले बरेचसे पाना, मास्किंग टेप आणि पुरेशी सवड असलेला अर्धा दिवस यांवर घरी निस्तरता येतात. मात्र घरगुती दुरुस्ती बिघडते ती बहुतेक वेळा हत्यार चुकीचे असल्यामुळे नव्हे, तर मोजमाप न घेता पहिला दिसेल तो बोल्ट सैल केल्यामुळे. फट जिथे दिसते तिथेच तिचे कारण असते असे नाही.

म्हणून आधी गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, धुऊन कोरडी करावी आणि सर्व फटी मोजून काढाव्यात. आधुनिक मोटारींत दोन भागांमधली फट साधारण ३ ते ५ मिलिमीटर असते, पण नेमका आकडा किती यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे का आणि डाव्या-उजव्या बाजूंना सारखी आहे का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. मोजण्यासाठी खास साधन लागत नाही. बँकेचे प्लॅस्टिकचे कार्ड सुमारे ०.७६ मिलिमीटर जाडीचे असते, त्यामुळे अशी चार जुनी कार्डे एकत्र धरली की तीन मिलिमीटरचे माप तयार होते. टेप गुंडाळलेला ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडाही चालतो. प्रत्येक फटीशेजारी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून वरचे, मधले आणि खालचे माप त्यावरच लिहून ठेवावे. काम अर्ध्यावर आल्यावर मूळ स्थिती काय होती हे आठवत नाही, तेव्हा हेच आकडे उपयोगी पडतात.

यानंतर कामाचा क्रम ठरवावा, आणि हा क्रम मागून पुढे असतो. मागच्या चाकावरचा पत्रा गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेला असल्यामुळे तो हलत नाही. म्हणून मागचे दार त्याच्याशी जुळवावे, पुढचे दार मागच्या दाराशी, पुढचे मडगार्ड पुढच्या दाराशी, बॉनेट दोन्ही मडगार्डांशी, आणि हेडलाइट व बंपर सर्वांत शेवटी. उलट दिशेने सुरुवात केली तर मागचा भाग जुळवताना पुढे जुळवलेला प्रत्येक भाग पुन्हा बिघडतो. दोष फक्त बॉनेटमध्ये दिसत असला तरी त्याच्या शेजारचे मडगार्ड दाराशी जुळते आहे का, हे आधी पाहून घेण्यातच शहाणपण आहे.

दार लोंबलेले असेल तर त्याची खूण अशी, की हँडलकडच्या बाजूला दाराची कड खाली उतरलेली असते, वरची फट रुंदावते, खालची मिटत जाते आणि दारावरून जाणारी पत्र्याची रेघ शेजारच्या दारावरच्या रेघेशी जुळत नाही. दार वीतभर उघडून ती कड दोन्ही हातांनी हलकेच वर उचलावी आणि दुसऱ्या माणसाला बिजागरीकडे लक्ष ठेवायला सांगावे. बिजागरीची पिनच तिच्या भोकात हलत असेल तर पिन किंवा बुश (पिनभोवतीची नळी) झिजलेले आहे, आणि ते बदलल्याशिवाय बोल्ट कितीही जुळवले तरी दार काही दिवसांत पुन्हा खाली येते. पिन घट्ट असून संपूर्ण बिजागरी दाराच्या चौकटीच्या खांबावर सरकत असेल तर बोल्ट ढिले झाले आहेत. दोन्हीही नसेल, तर बहुधा केवळ जुळवणीचे काम आहे. काही गाड्यांत बिजागरी वेल्ड केलेली असते. तिथे घरी हात घालू नये.

बोल्ट सैल करण्यापूर्वी बिजागरीच्या कडेने पेन्सिलने बारीक रेघ आखावी, म्हणजे ती किती सरकली हे कळते आणि परत मूळ जागी नेता येते. दाराखाली कापड गुंडाळलेला लाकडी ठोकळा आणि त्याखाली जॅक ठेवून दाराचे वजन पेलून धरावे. कुलपाच्या बाजूच्या खांबावर असलेला स्ट्रायकर, म्हणजे ज्या कडीत दाराचे कुलूप अडकते ती कडी, या कामापुरती काढून ठेवावी. नाहीतर दार लावताना तीच दाराला वर उचलते आणि जुळवणी बरोबर झाल्याचा खोटा भास होतो. दोन्ही बिजागऱ्यांचे बोल्ट एकाच वेळी कधीही सैल करू नयेत. लोंबलेले दार वर आणण्यासाठी वरची बिजागरी किंचित पुढच्या दिशेला सरकवावी लागते, आणि येथे भूमिती लक्षात घ्यावी: दोन बिजागऱ्यांमधले अंतर ४० सेंटिमीटर आणि दाराची लांबी एक मीटर असेल, तर वरची बिजागरी एक मिलिमीटर सरकली की दाराची मागची कड सुमारे अडीच मिलिमीटर वर येते. म्हणून बोल्ट पूर्ण सैल न करता जेमतेम जोर लावून हलेल इतकाच ढिला करावा, किंचित सरकवून घट्ट करावा, दार टेकवून पाहावे आणि पुन्हा मोजावे. कोणत्या बोल्टने दार पुढे-मागे आणि कोणत्या बोल्टने आत-बाहेर सरकते हे गाडीनुसार बदलते, तेव्हा त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहणे उत्तम.

दार बिजागरीवर नीट टांगले गेले की मगच स्ट्रायकर परत बसवावा. दार शेजारच्या पत्र्यापेक्षा बाहेर राहत असेल तर तो आत, आणि दार प्रमाणाबाहेर आत जात असेल तर बाहेर सरकवायचा असतो. कुलूप स्ट्रायकरवर नेमके कुठे टेकते हे पाहण्यासाठी लहान मुलांची खेळायची मऊ माती त्यावर पातळ लावून दार अलगद टेकवावे. मातीवर उमटलेला ठसा मध्यावर नसेल तर स्क्रू थोडे सैल करून रबरी हातोडीने एक-एक हलका ठोका देत जागा बदलावी. शेवटी दाराच्या रबर बीडिंगमध्ये कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सगळीकडे सारख्या जोराने अडकली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती सहज सुटत असेल तर आधी तिथले रबर दबलेले किंवा फाटलेले आहे का ते तपासावे. रबराचा दोष स्ट्रायकर आत ओढून झाकू नये. कुलपाचे दोन्ही खटके पूर्ण बसत असल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये, आणि सर्व बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानेच, आवळावेत.

बॉनेटचे काम त्या मानाने सोपे आहे. त्याची मागची बाजू बिजागरीवर, तर पुढची उंची कोपऱ्यांतल्या फिरवता येणाऱ्या रबरी टेकूंवर आणि मधल्या लॉकवर ठरते. टेकू फिरवून उंची मडगार्डला जुळवावी आणि त्याच प्रमाणात लॉकही वर-खाली करावे. केवळ टेकू वर केले तर बॉनेट आपटून लावावे लागते आणि केवळ खाली केले तर ते चालत्या गाडीत खडखडते. काम झाल्यावर मुख्य लॉक आणि सुरक्षेचा दुसरा हूक दोन्ही अडकतात का, हे ओढून पाहावे.

बंपर सुटण्याचे कारण सहसा तुटलेली प्लॅस्टिकची क्लिप किंवा मडगार्डजवळचा ब्रॅकेट असतो. चाकाच्या कमानीतले स्क्रू काढून आतले प्लॅस्टिकचे अस्तर बाजूला केले की तो दिसतो. क्लिप तुटलेली असेल तर नवी घालावी. डिंकाने चिकटवलेला बंपर फार टिकत नाही. बंपरमध्ये पार्किंग सेन्सर किंवा रडार असेल तर वायर न ओढता कनेक्टर सोडवावेत. रडारची जागा हलली तर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे मापनाची नेमकी जुळवणी, पुन्हा करून घ्यावे लागते. पिवळ्या वेष्टनाच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. बंपरला पोचा पडलेला असेल आणि रंग फाटलेला नसेल, तर त्यावर उकळते पाणी ओतून प्लॅस्टिक मऊ झाल्याबरोबर हातमोजा घालून आतून दाबावे आणि लगेच थंड पाणी टाकावे. पत्र्याच्या पोच्यावर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे पसरट आणि कड न पडलेला पोचाच सक्शन कपाने थोडाफार बाहेर येतो.

एक सीमा मात्र ओळखावी. दाराची फट वर रुंद आणि खाली अरुंद असून बिजागरी निर्दोष असेल, समोरच्या काचेजवळच्या खांबावर रंगाला सुरकुत्या दिसत असतील किंवा टायर एका बाजूने झिजत असतील, तर सांगाडाच वाकलेला असण्याची शक्यता आहे. तो मापयंत्रावर घेऊनच तपासला पाहिजे.

रंगाचे काम जुळवणीनंतर करावे, म्हणजे नव्या रंगाला पान्याचा धक्का लागत नाही. चऱ्यावर पाणी शिंपडल्यावर तो दिसेनासा होत असेल, तर तो वरच्या पारदर्शक थरापुरता आहे. त्यावर नख आडवे फिरवल्यास अडकत असेल तर तो खोल गेलेला आहे. कारखान्यात दिलेल्या संपूर्ण रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि वरच्या पारदर्शक थराची ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी असते, त्यामुळे घासण्याचा प्रत्येक हात त्या थरातूनच वजा होतो. उथळ चऱ्याला रबिंग कंपाउंड (रंग घासून गुळगुळीत करणारी पेस्ट) आणि मायक्रोफायबर कापड पुरते. पत्रा थंड असावा, जागा सावलीतली असावी, आणि पत्र्याच्या कडांवर रंग पातळ असतो म्हणून त्या टेपने झाकून घ्याव्यात.

खोल चऱ्यासाठी गाडीच्या माहितीपट्टीवरील रंगाचा कोड पाहून टच-अप रंग घ्यावा. पत्रा उघडा पडला असेल तर गंजाचा ठिपकासुद्धा घासून काढावा, पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, प्रायमर लावावा आणि तो वाळल्यावर टूथपिकच्या टोकाने चऱ्यातच रंग भरावा. रंग वाळताना आक्रसतो, म्हणून पातळ थर अनेकदा देऊन तो सभोवतालच्या रंगापेक्षा किंचित वर येऊ द्यावा, वर पारदर्शक थर द्यावा आणि पूर्ण वाळल्यावर २००० क्रमांकाच्या ओल्या वॉटर पेपरने सपाट करावा. मेटॅलिक रंगात ठिगळ थोडे वेगळे दिसणारच. ते मान्य करून पुढे जावे.

पिवळट झालेल्या हेडलाइटच्या बाबतीत टूथपेस्टचा उपाय सर्वत्र सुचवला जातो, पण त्याने फक्त वरचा धूसरपणा काही काळ जातो. हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकवरचा अतिनील किरणांपासून बचाव करणारा थर झिजलेला असतो, म्हणून १०००, २००० आणि ३००० क्रमांकाचे ओले पेपर क्रमाने वापरून पॉलिश केल्यावर असा बचाव करणारा नवा पारदर्शक थर फवारणे आवश्यक आहे. त्याशिवाय केलेले हेडलाइट काही महिन्यांत पुन्हा पिवळे पडतात. दिवा काढायचाच झाला तर आधी गाडी भिंतीसमोर उभी करून प्रकाशाच्या वरच्या कडेवर टेप लावून ठेवावी आणि दिवा परत बसवल्यावर गाडी त्याच जागी उभी करून झोत त्या खुणेवर आणावा.